गावाकडून मुंबई विद्यापीठात शिकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की लातूर, बुलढाणा, नंदुरबार, कणकवली अशा ठिकाणांहून तेच ते प्रश्न यायला लागतात. विद्यापीठाची माहितीपुस्तिका अभ्यासक्रमाचं सगळं सांगते, पण राहायचं कुठे, खायचं काय आणि पैसे कुठून आणायचे यावर गप्प असते. ही उत्तरं त्या गप्प जागेसाठी. मुख्यतः कलिना परिसरात एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करायला येणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. भाड्याचे आणि मेसचे आकडे ढोबळ आहेत, गल्ली बदलली की बदलतात.

सरकारी विद्यापीठ आहे, फी कमी आहे. मग एवढा खर्च कसला?

फी विद्यापीठ घेतं. बाकीचं मुंबई घेते, आणि ती कुठलीही सवलत देत नाही.

विद्यापीठाच्या विभागात भाषा किंवा सामाजिक शास्त्रांत एम.ए. करायचं तर वर्षाची फी साधारण एका महिन्याच्या कॉटच्या (सामायिक खोलीतल्या एका खाटेच्या) भाड्याच्या आसपास जाते. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदानाविना फीवरच चालणाऱ्या, अभ्यासक्रमांचं गणित वेगळं. तिथे फी हजारांतून लाखांत कधी गेली ते कळत नाही, म्हणून प्रवेश अर्जावर तो शब्द दिसला की आधी फीचा तक्ता उघडा.

कलिना म्हणजे जुनं कोळेकल्याण. गावठाण अजून आहे, पण त्याच्या एका अंगाला वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा सगळा कारभार फोर्टात होता, कलिन्याचा विद्यानगरी परिसर फार नंतरचा. आज त्याच्या भिंतीला लागून देशातल्या सगळ्यात महाग कार्यालयांचा शेजार आहे. बीकेसीत नोकरी करणारा इंजिनीअर आणि मराठीत एम.ए. करणारी मुलगी वाकोल्यात एकाच खोलीसाठी एकाच दलालाकडे जातात. दलाल कोणाला आधी फोन करेल हे सांगायला नको.

काटकसरीने राहिलात तर महिन्याला १३ ते १६ हजार धरा. त्यात अर्ध्याहून जास्त निव्वळ झोपण्याचे.

वसतिगृह मिळेल का?

अर्ज कराच, पण मिळेलच असं धरून गाडीत बसू नका.

विद्यापीठाची वसतिगृहं चर्चगेटला आणि कलिन्यात आहेत. जागा थोड्या, अर्ज भरपूर. मुंबई परिसरात घर असलेल्यांना सहसा मिळत नाही, त्यामुळे बाहेरगावच्यांतच चुरस असते आणि पदवीचे गुण मोजले जातात. यादी लागेपर्यंत बहुतेक वेळा तासिका सुरू झालेल्या असतात. मधले आठवडे कुठे काढायचे याची सोय आधी करून ठेवा.

चर्चगेटला जागा मिळाली आणि वर्ग कलिन्यात असले तर कुरकुर करू नका. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेला धावत असते, तुम्ही उलट्या दिशेला जाता. लोकलमध्ये बसायला मिळतं. या शहरात ही चैन आहे.

विद्यापीठाखेरीज सामाजिक न्याय विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे राहणं-जेवण मोफत असतं आणि वर थोडा निर्वाहभत्ताही मिळतो. शिवाय निरनिराळ्या ज्ञातिसंस्थांची आणि धर्मादाय न्यासांची वसतिगृहं मुंबईभर विखुरलेली आहेत. त्यांच्या जाहिराती येत नाहीत. आपल्या तालुक्यातून आधी गेलेल्या कोणाला तरी विचारूनच ती कळतात.

वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचं नाव ऐकलं असेल. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली त्या काळातली कितीतरी चर्चा-भांडणं त्या खोल्यांमध्ये झाली. वसतिगृह म्हणजे फक्त स्वस्त खाट असते असं मला म्हणूनच वाटत नाही. गावाकडचा मुलगा कॉटवर एकटा पडून राहतो, वसतिगृहात त्याला माणसं भेटतात. गुण चांगले असतील तर वसतिगृहासाठी एखादा महिना ताटकळणंही परवडतं.

आमदार निवासात राहता येतं, हे खरं का?

काही दिवसांसाठी, ओळख असेल तर. आमदारांच्या नावावरच्या खोलीत मतदारसंघातले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, मंत्रालयात खेटे घालणारे आणि परीक्षेला आलेली मुलं असे सगळे एकत्र पथारी टाकतात. पहिल्या आठवड्याची सोय म्हणून ठीक आहे. अभ्यास होत नाही आणि अधिवेशन लागलं की बाहेर पडावं लागतं. आमदारांचं किंवा त्यांच्या स्वीय सहायकाचं पत्र गावातूनच घेऊन निघा, मुंबईत आल्यावर फोन कोणी उचलत नाही.

‘कॉट बेसिस’ म्हणजे नेमकं काय मिळतं?

एक खाट, तिच्याखालची जागा आणि भिंतीवरचा एक खिळा.

वाकोला, कलिना गावठाण, कुर्ला पश्चिम, सांताक्रूझ पूर्व या भागात हा व्यवहार चालतो. एक नमुना सांगते. वाकोल्यातली पहिल्या मजल्यावरची खोली, साधारण दहा बाय चौदा. दोन मजली लोखंडी खाटा तीन, म्हणजे सहा जणी. मोरी आतच, संडास बाहेर, मजल्यावरच्या चार खोल्यांत एक. पाणी पहाटे सव्वापाचला येतं आणि पाऊण तासात जातं. सहा बादल्या, प्रत्येकीवर नेलपेंटने आद्याक्षर. ज्या दिवशी जिची पाळी, तिने उठून पिंप आणि बादल्या भरायच्या. प्लगचे पॉइंट दोन, त्यामुळे फोन चार्ज करायचीही पाळी. स्वयंपाकाला परवानगी नाही, पण चहाची इलेक्ट्रिक किटली लपवलेली असते आणि तिच्यात मॅगी होते हे घरमालकिणीला ठाऊक असतं. ती महिन्यातून एकदा त्यावरून ओरडते, कारण विजेचं बिल भाड्यातच धरलेलं असतं.

अशा खाटेचे सात ते दहा हजार. वर एक किंवा दोन महिन्यांचं डिपॉझिट. वरची खाट थोडी स्वस्त मिळते, पण मे महिन्यात ती घेऊ नका. पत्र्याचं छप्पर असेल तर अजिबातच नाही.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारा, मालकाला नको. रात्री किती वाजता दार बंद होतं ते विचारा. आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं हे फोनवर लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं एक वाक्य पुरे. डिपॉझिटची भांडणं बहुतेक वेळा याच मुद्द्यावर होतात.

मालक भाडेकरार करून देत नाही. त्याने काय अडतं?

पुष्कळ अडतं. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) लेखी करून नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. प्रत्यक्षात कॉट देणारे बहुतेक जण करार करत नाहीत. काहींना उत्पन्न दाखवायचं नसतं, काही जण स्वतःच भाडेकरू असतात.

तुमच्या बाजूने पाहिलं तर त्या कागदाशिवाय मुंबईत तुम्ही कुठे राहता हे सिद्ध होत नाही. रेल्वेचा सवलतीचा पास राहत्या ठिकाणाजवळच्या स्थानकापासून कॉलेजपर्यंत मिळतो, तिथे पत्ता विचारतात. राहण्या-जेवणाला पैसे देणाऱ्या ‘स्वाधार’सारख्या सरकारी योजनेत भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, नाहीतर वर्षाचे हजारो रुपये हातचे जातात. आधारवरचा पत्ता गावाचा, तो बदलावा की नाही हाही पेच आहेच, कारण काही योजनांना तुम्ही स्थानिक रहिवासी नसणं आवश्यक असतं. म्हणून आधार बदलायची घाई करू नका.

मार्ग काय? चार-पाच जणांनी मिळून अख्खी खोली घ्या आणि करारात सगळ्यांची नावं घाला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून माणशी फार येत नाही. कॉटच घ्यायची असेल तर मालकाला आधीच सांगा की करार हवा आहे, खर्च आम्ही करू. दहातले दोन तयार होतात. त्या दोघांकडे पाचशे रुपये जास्त द्यावे लागले तरी तीच खोली घ्या.

फोनवर दलाल विचारतो, “जेवणात काय?” याचा अर्थ काय?

अर्थ तुम्हालाही कळलेला आहे. प्रश्न मटणाचा नसतो, आडनावाचा असतो. काही जण आडनाव सरळच विचारतात, काही जण “गाव कुठलं, वाडी कुठली” असं फिरून येतात. मुसलमान मुलांना तर “सोसायटीचा नियम आहे” एवढंच सांगून फोन ठेवतात. मुंबई जात विचारत नाही असं गावाकडे सांगितलं जातं. लोकलच्या डब्यात नाही विचारत. खोली देताना विचारते.

यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. आधीच्या तुकडीतल्या मुलामुलींकडून खोली मिळवणं हाच त्यातला कमी अपमानाचा रस्ता. ती सोडतात तेव्हा पुढच्याला बसवून जातात आणि मालकालाही दलालीविना भाडेकरू मिळतो. विभागात पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. आणि दलाल लागलाच, तर तो एका महिन्याचं भाडं घेणार हे धरून चाला.

लांब राहिलं तर स्वस्त पडेल ना? नालासोपारा, बदलापूर वगैरे?

भाडं निम्म्यावर येतं. त्या बदल्यात दिवसाचे चार तास जातात.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. तुम्हाला सांताक्रूझलाच उतरायचंय, पण सकाळी आठच्या गाडीत दादरला उतरणारे तुम्हाला दारापर्यंत पोचू देत नाहीत. अंधेरी गेली की सरकायला लागायचं, हे दोनदा पुढच्या स्टेशनावर उतरल्यावर आपोआप समजतं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा घ्यायची. सीएसटी रोडवर फर्निचरच्या दुकानांपुढे टेम्पो उभे असले की चालत जाणारा लवकर पोचतो.

प्रवासात वाचन होतं असं सांगणारे असतात. चौथ्या सीटवर अर्धं शरीर बाहेर ठेवून बसलेला माणूस फारतर फोनवर स्क्रोल करतो. बारा तासांतले चार गेले आणि वर शिकवणी किंवा नोकरी असेल तर ग्रंथालयाला वेळच उरत नाही. मग विद्यापीठात येऊन तुम्ही फक्त वर्गात बसता आणि गाडी पकडता. माझं मत विचाराल तर पहिलं सत्र तरी जवळ राहा, दाटीवाटीत का होईना. माणसं ओळखीची झाली, ग्रंथालयाची सवय लागली की मग लांब जायचं तर जा. ज्यांचं घरच वसई, अंबरनाथला आहे त्यांना अर्थातच हा सल्ला लागू नाही.

ये-जा करायला महिन्याला किती लागतात?

लोकल हे मुंबईतलं एकमेव खरं स्वस्त प्रकरण आहे. विद्यार्थी सवलतीचा मासिक किंवा त्रैमासिक पास साध्या पासच्या जवळपास निम्म्यात पडतो. विभागाच्या कार्यालयातून कन्सेशन फॉर्म घ्यायचा, त्यावर सही-शिक्का, आणि मुदतीत तिकीट खिडकीवर. सत्राच्या सुरुवातीला फॉर्म संपलेले असतात किंवा सही करणारे रजेवर, म्हणून पहिल्या महिन्याचा साधा पास धरून चाला. त्रैमासिकच काढा, तेवढ्या खेपा वाचतात.

बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्टेशन ते विद्यापीठ रोज दोनदा जाणाऱ्याचा तो खर्च सरळ दुप्पट झाला. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये. तिघं मिळून घेतली तर बसच्या बरोबरीला येते, आणि सांताक्रूझ पूर्वेला सकाळी तसे तिघं सहज जमतात.

‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. कलिन्याला सांताक्रूझ आणि वांद्रे कॉलनी ही स्थानकं जवळची, आणि फोर्ट परिसरासाठी हुतात्मा चौक. दोन्ही परिसरांत काम असलेल्या विद्यार्थ्याला ती मोठी सोय आहे. रोजच्यासाठी मात्र लोकलच्या पासशी तिची बरोबरी होत नाही.

कुठल्या शिष्यवृत्त्या मिळतात? खरंच मिळतात का?

मिळतात. उशिरा मिळतात. भाडं मात्र महिन्याच्या पाच तारखेला लागतं, सगळी अडचण या दोन तारखांच्या मधली आहे.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. मुंबईत तिचे वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम’ योजना, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ योजना. आता निवासाचे २०,००० वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत, हे पुन्हा एकदा वाचा. वाकोल्यात त्यात तीन महिने निघाले तर नशीब. योजना आखताना मुंबई आणि नागपूर एकाच ओळीत बसवले गेले त्याचा हा परिणाम. तरीही अर्ज न करणं हा शुद्ध वेडेपणा.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप (शुल्कमाफी), राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटातल्या मुलींना, पालकांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी साध्या एम.ए.ला लागू आहे असं समजून बऱ्याच जणी येतात. अभ्यासक्रम व्यावसायिक यादीत आहे का ते आधी तपासा.

कागदपत्रं गावातूनच करून आणा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथे जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र. मुंबईहून एका दाखल्यासाठी परभणीला जाऊन येण्यात दोन दिवस आणि वर्गातल्या चार तासिका जातात. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बघा. पैसे मंजूर होऊनही खात्यात न आल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

एल्फिन्स्टनमध्ये शिकताना बाबासाहेब परळच्या चाळीत घरच्यांसोबत राहत होते आणि सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना महिन्याला २५ रुपये मिळत होते. शंभरेक वर्षांत रक्कम वाढली, दर महिन्याला देण्याची ती पद्धत तेवढी पुढे आली नाही.

शिकताना काम मिळतं का?

विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालय, कार्यालयं, विभाग यांत तासाच्या हिशेबाने काम. पैसे थोडे, पण वेळापत्रक सांभाळून घेतात आणि ग्रंथालयात काम मिळालं तर पुस्तकांची ओळख होते ती वेगळीच.

बाहेर सगळ्यात बरं काम शिकवणीचं. मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत चालल्यात, पण इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी हा विषय दहावीला असतोच आणि घरी शिकवणारं कोणी नसतं. कलिना, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या घरांमध्ये मराठीच्या शिकवणीला चांगले पैसे मिळतात. गावाकडच्या मुलामुलींना वाटतं आपल्याला कोण विचारणार. इथे नेमकी तुमचीच भाषा हवी असते. भाषांतर, शब्दांकन, मालिकांच्या संवादांचं टंकलेखन अशीही कामं मराठी विभागाच्या वर्तुळात फिरत असतात.

डिलिव्हरीचं काम करणारे बरेच आहेत. भाड्याची दुचाकी, पेट्रोल आणि दंड वजा केल्यावर काय उरतं ते महिनाभर वहीत लिहा, मग ठरवा. रात्रपाळीच्या कॉल सेंटरचं थोडक्यात सांगायचं तर पगार बरा, पण सकाळच्या तासिका हमखास जातात.

स्वस्तात जेवायचं कुठे?

दोन वेळची मेस साडेतीन ते साडेचार हजार. डबा लावला तर थोडा महाग, पण पोळ्या घरच्या मिळतात. महिलांची पोळीभाजी केंद्रं शोधा, रात्री आठनंतर उरलेली भाजी कमी दरात देणारी एखादी मावशी सापडतेच. १० रुपयांची शिवभोजन थाळी २०२० साली सुरू झाली, जवळचं केंद्र सध्या चालू आहे का ते जाऊन बघा आणि दुपारी लवकर जा.

वडापाव हे जेवण नाही. पहिले दोन महिने ते जेवण आहे असं वाटतं, तिसऱ्या महिन्यात ॲसिडिटीची गोळी त्याच हिशेबात धरावी लागते. गावाहून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी आणली तर महिनाअखेर निभावते.

खोलीत अभ्यास होत नाही. कुठे बसायचं?

खोलीत कोणाचाच होत नाही. कलिन्यातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय ही तुमची खरी खोली: पंखा आहे, उजेड आहे, प्यायचं पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि पहाटे सव्वापाचला उठून बादली भरावी लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत सकाळी लवकर गेलात तरच जागा मिळते. फोर्टात काम असेल त्या दिवशी राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात जरूर बसा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून ती वास्तू उभी राहिली. रंगीत काचांतून येणाऱ्या उन्हात नोट्स काढायला पैसे पडत नाहीत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हे आणखी एक ठिकाण. पालिकेच्या आणि मंडळांच्या अभ्यासिका वस्त्यांमधून आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे शिस्तीत बसतात.

पावसाळ्यात काय होतं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कलिना त्याच भागात, मिठी नदी जवळ. तसा पाऊस रोज नसतो, पण तळमजल्यावरची खोली पावसाळ्याआधी स्वस्तात मिळाली तर भिंतीवर पाण्याची रेघ आहे का ते बघा. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, वरच्या फळीवर.

निकाल उशिरा लागले तर?

कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवेत. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा प्रयोग झाला तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेवढा गोंधळ पुन्हा झालेला नाही. पण उशीर पंधरा दिवसांचा असला तरी बाहेरगावच्या मुलाला तो पैशांत मोजावा लागतो: खोली सोडावी तर पुढच्या सत्राला पुन्हा दलाल, ठेवावी तर रिकाम्या खाटेचं भाडं. सुट्टीत गावी जाणार असाल तर कॉट दुसऱ्याला तात्पुरती देता येते का ते मालकाशी आधीच बोलून ठेवा. एमपीएससीच्या परीक्षेला किंवा मुलाखतीला येणारी मुलं अशी जागा शोधतच असतात.

मुली म्हणून वेगळं काही लक्षात ठेवायचं?

जागेचं भाडं मुलींना जास्त पडतं, कारण सुरक्षित गल्ली, आतला संडास आणि बरा मालक या तिन्हींचे पैसे लागतात. त्यात कपात करू नका, दुसरीकडे करा. दार रात्री दहाला बंद करणाऱ्या पीजीमध्ये राहून नाट्य किंवा लोककलेचा अभ्यासक्रम करणं अवघड आहे. तालीम संपते तेव्हा दार बंद झालेलं असतं. अशा मुली बहुधा तिघी-चौघी मिळून खोली घेतात. लोकलमध्ये महिलांचा डबा आहेच. उशिरा रात्री मोजक्या डब्यांत पोलीस असतो, तो कुठला ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा.

सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात असं ऐकलंय. निभाव लागेल का?

सगळे नाही बोलत. दक्षिण मुंबईतली मुलं बोलतात, डोंबिवलीची मुलं बोलल्यासारखं करतात. पहिल्या सत्रात गप्प बसणं होतं, दुसऱ्यात हात वर होतो. विद्यापीठात अनेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, तशी मुभा तुमच्या विभागात आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारा.

पीएच.डी.ला आलो तर परवडेल?

जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर आरामात. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, वसतिगृह नसेल तर वर घरभाडं भत्ता, आणि मुंबई वरच्या वर्गात असल्यामुळे तो सर्वाधिक दराने. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत, पण जाहिरात कधी निघेल आणि हप्ता कधी येईल याचा नेम नसतो. अधिछात्रवृत्तीविना पूर्णवेळ पीएच.डी. मुंबईत करू नका. नोकरी धरून करा किंवा आधी नेट काढा.

मुंबईत न येता मुंबई विद्यापीठाची पदवी मिळत नाही का?

मिळते. ठाणे, कल्याण, रत्नागिरी इथे विद्यापीठाची उपकेंद्रं-उपपरिसर आहेत. दूरशिक्षण तर १९७१ पासून चालू आहे. आयडॉल म्हणून जे सगळ्यांना माहीत होतं ते आता दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र झालंय. घरची जबाबदारी असेल, गावात नोकरी असेल तर यात काही कमीपणा नाही. कलिन्यात जे मिळतं ते वर्गाबाहेरचं असतं: व्याख्यानं, युवा महोत्सव, नाटकं, वाद घालणारी माणसं. त्यासाठी दोन वर्षं आणि तीन-चार लाख रुपये द्यायचे का, हे घरच्यांसोबत बसून ठरवा. बाबांना फक्त फी सांगून परवानगी काढू नका, पूर्ण आकडा सांगा.

येताना काय काय आणू?

मूळ कागदपत्रं आणि प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो मूठभर, पांघरूण, स्टीलचा डबा, कुलूप दोन, एक्स्टेंशन बोर्ड. एक महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि पंधरा दिवसांचं जेवण एवढे पैसे खात्यात. गादी आणू नका. कुर्ल्याला बाराशे-पंधराशेत मिळते आणि जाताना पुढच्या मुलाला विकता येते.